पहिल्यांदा पोर्तुगालला जाताय? दोनच मुक्काम ठेवा

पोर्तुगाल आपल्याकडे बहुतेक वेळा स्पेनच्या शेपटीला बांधून विकला जातो. जाहिरातीत 'स्पेन-पोर्तुगाल' असं मोठं नाव असतं. प्रत्यक्षात माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिल उरकल्यावर लिस्बनच्या वाट्याला दोन रात्री येतात. बसमधून उतरून नदीकाठचा एक मनोरा बघायचा, एक कस्टर्डचा टार्ट खायचा, फोटो काढायचे, पुन्हा बस. तसं जायचं असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. स्वतःचं स्वतः ठरवून, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. लिस्बनहून पोर्टोला रेल्वेने तीन तास लागतात. असं असताना रोज नवं हॉटेल, रोज बॅग भरणं कशाला? माझा हिशेब साधा आहे: दहा रात्री, त्यातल्या सहा लिस्बनला आणि चार पोर्टोला. बाकी सगळं या दोन शहरांतून सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं आहे.

आणखी एक. वसईचा किल्ला, रेवदंडा, जुनं गोवं पाहिलेला माणूस लिस्बनमध्ये निव्वळ पर्यटक नसतो. अलिबागजवळच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली घराघरात बोलतात. या सगळ्या गोष्टीचं दुसरं टोक तिकडे आहे. त्यामुळे नेहमीच्या प्रसिद्ध ठिकाणांबरोबर मी अशी काही ठिकाणं घातली आहेत, जी युरोपीय पर्यटकाला काहीच सांगत नाहीत आणि आपल्याला मात्र थांबवतात.

तिकिटाच्या आधी

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, लागतो. पोर्तुगालबरोबर दुसरे देश जोडले असतील, तर ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्याच्याकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने किमान पंधरा दिवस आधी करायला हवा, पण त्या पंधरा दिवसांवर भिस्त ठेवू नका. उन्हाळ्याच्या दिवसांत खरी मारामारी अपॉइंटमेंटसाठी असते, म्हणून तीन महिने आधी तारीख बघायला लागा. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क त्यावर वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो स्वस्तातला चालतो, पण त्यावर 'शेंगेन' हा शब्द आणि तारखा नीट छापल्या आहेत ना, ते बघा.

भारतातून थेट विमान नाही. आखातात किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात बदलावं लागतं. युरोपात बदललं तर शेंगेनची तपासणी त्या पहिल्याच विमानतळावर होते. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा, दीड तासाचं स्वस्त तिकीट महागात पडू शकतं. तिकीट काढताना लिस्बनला उतरा आणि पोर्टोहून परत या, म्हणजे तीन तास उलटा प्रवास वाचतो.

कधी जावं? एप्रिल ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथं अगदी जुळून येते. ऑगस्ट टाळाच. आतल्या भागात पारा चाळिशीला टेकतो आणि निम्मा युरोप तिथं सुट्टीवर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो, आणि जुन्या इमारतींमधल्या खोल्या बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार वाटतात. जूनमध्ये गेलात तर दोन तारखा लक्षात ठेवा. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये सांतो आंतोनिओचा उत्सव असतो, गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजत असतात. २३ जूनच्या रात्री पोर्टोमध्ये संत जॉनचा उत्सव असतो, लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत हिंडतात. कुणी रागावत नाही. याच संताच्या नावाने दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, गोव्यात लोक डोक्यावर फुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारतात. तो सांजांव, तो हाच.

लिस्बन: आधी बूट, मग नकाशा

शहर टेकड्यांवर आहे आणि पदपथ गुळगुळीत चुनखडीच्या लहान लहान दगडांचे. पाऊस पडला की त्यावर घसरायला होतं. रबरी तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट घ्या. नवे कोरे बूट घालून पहिल्या दिवशी टाचेला फोड आणणारे मी बरेच पाहिलेत, त्यात मीही होतो.

राहायला बाइशा किंवा रोसिओच्या आसपास, मेट्रोला धरून जागा बघा. अल्फामा या जुन्या वस्तीतली घरं फोटोत फार गोड दिसतात, पण टॅक्सी जिथं थांबते तिथून घरापर्यंत शंभर पायऱ्या असू शकतात, आणि बॅग तुमचीच. मेट्रोच्या यंत्रातून नवेगान्ते नावाचं कार्ड घ्या. ते अर्ध्या युरोला मिळतं. त्यात पैसे भरले की मेट्रो, बस, ट्राम, होडी आणि उपनगरी गाड्या सगळीकडे चालतं. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. रोख काढायची तर बँकेच्या भिंतीतल्या मुल्तिबान्को यंत्रातून काढा. यंत्राने 'रुपयात रक्कम दाखवू का' असं विचारलं तर नाही म्हणा, युरोतच राहू द्या.

पहिला दिवस पायी. सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकातून, म्हणजे प्रासा दु कोमेर्सिओपासून करा. तीन बाजूंना पिवळ्या कमानी, चौथ्या बाजूला तेजो नदी, आणि ती इथं इतकी रुंद की समुद्रच वाटावा. इथं राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मग नदीतून त्सुनामीची लाट आली, आणि सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांनी पेटलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. राजाचा मंत्री पोंबाल याने मोडक्या शहराची पुन्हा आखणी केली. चौकातून आत शिरलं की दिसणारे सरळ, काटकोनातले रस्ते त्याचे. त्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरा घातलेला आहे. भूकंपात भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहावा, हा हेतू. युरोपात भूकंपाचा विचार करून आखलेल्या पहिल्या वस्त्यांपैकी ही एक.

भूकंप डोळ्यांनी बघायचा असेल तर वर कार्मोच्या मठात जा. छत कोसळलं, ते परत घातलंच नाही. उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. तिथं वर न्यायला १९०२ ची लोखंडी सांता जुस्ता लिफ्ट आहे, पण तिच्यासाठी रांगेत उभं राहणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय. मागच्या रस्त्याने दहा मिनिटांत चालत वर पोचता. मठासमोरच्या छोट्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानाला वेढलं होतं. बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली, ती क्रांती. १९६१ मध्ये मुक्त झालेला गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं तेही या क्रांतीनंतरच, १९७४ च्या अखेरीस.

दुपारी अल्फामा. नकाशा खिशात ठेवा आणि चुका, इथं तेच करायचं असतं. २८ नंबरची पिवळी ट्राम इथूनच कुरकुरत वर जाते. तिचं कौतुक फार, त्यामुळे मार्तिम मोनिझच्या थांब्यावर तासभर रांग आणि आत पाकीटमार. सकाळी आठच्या आत, किंवा दुसऱ्या टोकाला काम्पो दे ओरिकहून बसा. तेही नको असेल तर तिच्या रुळांवरून चालत जा, तेवढीच मजा येते. रस्त्यात तुम्हाला चक्क रिक्षा दिसतील. टुकटुक म्हणतात. भाडं ऐकून आपल्या रिक्षावाल्यांबद्दल प्रेम दाटून येईल.

ट्रामच्याच वाटेवर साव विसेन्ते दे फोरा हा मठ आहे. बहुतेक लोक गच्चीवरून दिसणाऱ्या नदीसाठी येतात. तुम्ही आत ब्रागांझा राजघराण्याच्या दफनगृहात जा आणि कॅथरीनचं नाव शोधा. १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात मुंबई बेट मिळालं, ती ही राजकन्या. प्रत्यक्ष ताबा द्यायला गोव्यातल्या पोर्तुगीजांनी १६६५ पर्यंत खळखळ केली. आणि चार्ल्सला ते बेट इतकं नकोसं झालं की १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. कॅथरीन विधवा झाल्यावर लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. मुंबईकराने तिथं दोन मिनिटं थांबायला हरकत नाही. आजच्या भावाचा विचार केला तर हुंडा जरा जास्तच झाला होता.

बेलेमला अख्खा दिवस द्या

बसमधले लोक बेलेम, म्हणजे लिस्बनचा पश्चिमेकडचा नदीकाठ, दीड तासात करतात. काइश दु सोद्रेहून लोकल किंवा १५ नंबरची ट्राम पकडा आणि सकाळी दार उघडायच्या आधी जेरोनिमोस मठाशी पोचा. सोमवारी बंद असतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा. मठाला लागून असलेल्या चर्चची रांग वेगळी असते.

चर्चमध्ये शिरल्याशिरल्या डावीकडे वास्को द गामा, उजवीकडे कवी कामोइंश. गामा १५२४ मध्ये कोचीनला मेला. हाडं पुढे पोर्तुगालला आणली, पण या जागी ती आली १८८० मध्ये. समाधीवर दोर आणि गलबत कोरलेलं आहे. हे सगळं गाइड सांगतो. तो सहसा दोन गोष्टी सांगत नाही. एक, हा मठ बांधायला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर पाच टक्के कर बसवला होता. त्यात मोठा वाटा मिरीचा, म्हणजे मलबारच्या काळ्या मिरीने हे दगड चढवलेत. दुसरी, वेदीजवळ राजांच्या शवपेट्या बघा. त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. लिस्बनच्या चर्चमध्ये हत्ती! मी तिथं उभा राहून हसलो होतो, शेजारच्या बाईंनी रागाने पाहिलं.

मठाच्या आतल्या अंगणाचं कोरीवकाम बघायला एक तास लागतो. खांबांवर जहाजाचे दोर, प्रवाळ, अनोळखी पानं. राजा मानुएलच्या नावाने या शैलीला मानुएलीन म्हणतात. नदीकाठचा बेलेम मनोराही त्याच काळातला. आत शिरण्यासाठी जीव टाकू नका, आत अरुंद जिना आणि रिकाम्या खोल्या आहेत. मनोरा बाहेरूनच सुंदर. भरती-ओहोटी बघून जा, भरतीला तो पाण्यात उभा असतो. पश्चिमेकडच्या बुरुजाखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलं आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा आफोन्सो द अल्बुकर्कने १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून पाठवला आणि तो त्याच मे महिन्यात जिवंत लिस्बनला पोचला. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून रवाना केला, आणि वाटेत जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न बघता काढलेलं चित्र मात्र जगभर गेलं.

हा अल्बुकर्क मठाच्या थोडं पुढे, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी राजवाड्यासमोर एका उंच खांबावर उभा आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा हाच. आणि याच्याच 'आफोन्सो' या नावावरून आपला हापूस. पुतळ्याच्या हातात आंबा नाही, एवढीच उणीव. नदीकाठचं 'शोधांचं स्मारक' १९६० चं आहे, म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीतलं. वीर दर्यावर्दी ओळीने पुढे बघतायत, असं ते शिल्प. आपल्याला त्याचा फार उमाळा येत नाही आणि येऊ नये. समोरच्या फरसबंदीतला जगाचा नकाशा मात्र बघा आणि त्यावर गोवा शोधा.

शेवटी कस्टर्ड टार्ट. बेलेममधलं ते प्रसिद्ध दुकान १८३७ पासून आहे. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते. आत बसायला मोठमोठी दालनं आहेत, तिथं लवकर जागा मिळते. वर दालचिनी भुरभुरवा. अंडं असतं, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सिंत्रा: दोनच महालांवर समाधान माना

रोसिओ स्टेशनातून लोकलने चाळीसेक मिनिटं. तिथं पाच-सहा महाल आहेत आणि लोक एका दिवसात सगळे करायला बघतात. मग आठवतो तो फक्त बसचा थांबा. दोनच निवडा. डोंगरमाथ्यावरचा लाल-पिवळा पेना महाल सगळ्यांना बघायचाच असतो. त्याच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते आणि ती पाळावी लागते. फाटकापासून महालापर्यंत चढ आहे, त्यासाठी अर्धा तास धरा. सकाळची पहिली वेळ घ्या. दुसरा म्हणून गर्दीची आवड असेल तर रेगालेरा. तिथं जमिनीत उलटा बुरूज खोदल्यासारखी विहीर आहे, गोल जिन्याने तळाशी उतरता येतं. आपल्याला बारवांची सवय, त्यामुळे मला ती बेताचीच वाटली. शांतता हवी असेल तर मोन्सेरात. जाळीदार भिंती, मोठी बाग आणि बागेत एक भारतीय कमान. १८५७ नंतर हिंदुस्थानातून गेलेली.

सिंत्राच्याच पेन्या व्हेर्दे नावाच्या वाडीत एक गंमत आहे. ही वाडी गोव्यात व्हाइसरॉय म्हणून वारलेल्या जुआंव दे कास्त्रोची. तिथं सोमनाथहून नेलेला, सारंगदेव राजाच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. जागा खाजगी असल्याने सहज बघता येत नाही, पण दाट झाडीत कुठंतरी देवनागरी अक्षरं आहेत हे ठाऊक असलं की सिंत्राचं धुकं वेगळं वाटतं.

दोन तुरुंग

हे कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत मिळणार नाही. काइश दु सोद्रेहून काश्काइशला जाणारी लोकल नदी आणि समुद्राच्या काठाने धावते. डावीकडची खिडकी धरा. तासाभराचाही प्रवास नाही आणि पैसे नगण्य. लोक काश्काइशला समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. मध्ये काशियाश नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्यात गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे कैदेत होते. सांगलीचा हा माणूस १९५५ मध्ये पकडला गेला. १९६१ ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. तिथं आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. गाडी स्टेशनात थांबते तेवढा वेळ खिडकीतून बघायचं.

दुसरा तुरुंग बघता येतो. लिस्बनच्या उत्तरेला, बसने दीडेक तासावर, पेनिश या मासेमारीच्या गावी समुद्रात घुसलेला किल्ला आहे. सालाझारच्या विरोधकांना इथं ठेवत. गोव्याचे त्रिस्ताव दे ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये अटक करून, आठ वर्षांची शिक्षा देऊन इथंच आणलं होतं. आता तिथं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पूर्ण रूपात ते २०२४ मध्ये खुलं झालं. कोठड्या, भेटीची काच लावलेली खोली, खाली आपटणाऱ्या लाटा. जवळच ओबिदुश हे तटबंदीतलं पांढरं गाव आहे, दोन्ही मिळून एक दिवस पुरतो. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना ओबिदुशचा तट आवडेल. पण तटाला आतल्या बाजूला कठडा नाही, हात सोडू नका.

लिस्बनहून आणखी एक दिवस उरतो, तो एव्होराला द्या. गाडीने दीड तास. रोमन मंदिराचे खांब भर गावात उभे आहेत. आणि साव फ्रान्सिस्को चर्चला लागून हाडांचं प्रार्थनागृह आहे. भिंती, खांब सगळे माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेले. दारावर लिहिलंय, त्याचा अर्थ: आम्ही हाडं इथं आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. मन घट्ट नसेल तर बाहेर कॉफी प्या. २०२७ साठी एव्होरा युरोपची सांस्कृतिक राजधानी आहे, त्या वर्षी खोल्या लवकर भरतील.

अल्गार्वचे किनारे मी मुद्दाम वगळलेत. सोनेरी कडे खरंच देखणे आहेत, पण पाणी गार, आणि कोकणात, गोव्यात वाढलेल्या माणसाने किनाऱ्यासाठी पहिल्याच खेपेला तीन दिवस घालवू नयेत.

पोर्टोकडे, वाटेत कोइंब्रा

रेल्वेचं तिकीट सरकारी रेल्वेच्या संकेतस्थळावर साधारण दोन महिने आधी उघडतं. लवकर काढलं तर बरीच सूट मिळते. गाड्या लिस्बनच्या सांता अपोलोनिया आणि ओरिएन्ते या दोन्ही स्टेशनांवरून मिळतात. सकाळची गाडी घेऊन कोइंब्राला उतरा आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जा. दोन वेगळी तिकिटं काढायची. गाडी शहराबाहेरच्या कोइंब्रा-बी स्टेशनावर थांबते, तिथून बस किंवा टॅक्सी.

कोइंब्राचं विद्यापीठ १२९० सालचं आहे. ते लिस्बन आणि इथं असं येऊन-जाऊन अखेर १५३७ मध्ये कायमचं इथं स्थिरावलं. बघायचं ते जुआनिना ग्रंथालय. अठराव्या शतकातलं, सोन्याच्या मुलाम्याची कपाटं, आणि त्यांच्या मागे वटवाघळं. खोटं नाही. पुस्तकं खाणारे किडे ती रात्री टिपतात, म्हणून त्यांना राहू दिलंय. रोज संध्याकाळी मेजांवर चामडी आच्छादनं घालतात आणि सकाळी लेंडी झाडतात. आत दहाएक मिनिटंच थांबू देतात, तिकिटावर वेळ असते.

पोर्टोला मोठ्या गाड्या काम्पान्या स्टेशनावर संपतात. तिथून लोकलने पाच मिनिटांत साव बेंतो, आणि साव बेंतो हे स्वतःच बघायचं ठिकाण. त्याच्या दालनात जोर्ज कोलासो या चित्रकाराच्या सुमारे वीस हजार निळ्या टाइल्स आहेत. लढाया, मिरवणुका, द्राक्षांची तोडणी. लोक गाडी पकडायला त्याच्या खालून मान वर न करता पळत असतात. आपण व्हीटीतून पळतो तसंच.

पोर्टो लिस्बनपेक्षा कळकट, चढउताराचं आणि मला जास्त आवडलेलं. १८८६ चा दोन मजली लोखंडी दों लुईश पूल संध्याकाळी वरच्या मजल्यावरून पार करा. मेट्रो शेजारून जाते, घंटा ऐकू आली की बाजूला व्हा. पलीकडे गाया नावाच्या शहरात पोर्ट वाइनची गोदामं आहेत. तीसेक मिनिटांची फेरी आणि चव, तिकिटात दोन्ही येतं. दोरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षरसाचं आंबणं मध्येच ब्रँडी घालून थांबवतात, म्हणून ती गोड आणि कडक. क्लेरिगुश मनोरा चढायला दोनशेवर पायऱ्या आहेत, गुडघे विचारात घ्या. १९०६ च्या लेलो या पुस्तकांच्या दुकानात आत जायला तिकीट लागतं आणि पुस्तक घेतलं तर ती रक्कम वळती होते. गर्दी इतकी की पुस्तकं कमी आणि फोन जास्त दिसतात.

एक दिवस दोरो खोऱ्याला. साव बेंतोहून किंवा काम्पान्याहून पिन्यावपर्यंत रेल्वेने जा, अडीच तास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी. पहिला तासभर काहीच नसतं, मग नदी येते आणि रुळांना चिकटून चालते. दोन्ही बाजूंना टेकड्यांवर दगडी बांध घालून केलेल्या द्राक्षांच्या पायऱ्या. या प्रदेशाची हद्द पोंबालने १७५६ मध्येच आखून दिली, भूकंपवाला तोच पोंबाल. नाशिककरांना इथून हलवणं अवघड जातं.

खाणं आणि चार शब्द

बसल्याबसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, बिलात येत नाही. दुपारी 'प्रातु दु दिया' म्हणजे त्या दिवसाची थाळी मागा, निम्म्या पैशात पोट भरतं. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. सार्डिन, ऑक्टोपस आणि बाकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड. सुकटीवर वाढलेल्याला वास ओळखीचा वाटेल. शाकाहाऱ्यांनी 'सेंग कार्न, सेंग पैश' म्हणायला शिकावं, मांस नको, मासा नको. भाज्यांचं सूप जवळपास कुठंही मिळतं, पण 'काल्दु व्हेर्द' या कोबीवर्गीय पानांच्या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते, आधी विचारा. पोर्टोचं फ्रान्सेझिन्या हे मांसाच्या थरांचं सँडविच आहे, वरचं चीज बघून फसू नका. कॅफेच्या काचेत 'शामुसा' दिसेल. तो आपला समोसाच, गोव्यामार्गे गेलेला. आत बहुधा गोमांस किंवा कोंबडी. अगदीच आठवण आली तर मार्तिम मोनिझच्या मागे मोरारिया भागात डाळ-तांदळापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं.

शब्दांची भीती नको. अर्धे आपल्याकडे आलेलेच आहेत. बटाटा बताताच आहे, पाव पांव, चावी शाव, साबण साबांव, अननस अननाश, चहा शा. पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी 'टी' चालत असताना इथं 'शा' ऐकलं की बरं वाटतं. आभार मानताना पुरुषाने ओब्रिगादू म्हणायचं, बाईने ओब्रिगादा. समोर कोण आहे यावर नाही, बोलणारा कोण यावर ठरतं. स्पॅनिश 'ग्रासियास' तेवढं तोंडातून निघू देऊ नका.

परतीच्या दिवशी पोर्टोचा विमानतळ मेट्रोने अर्ध्या तासावर आहे. वाइनची बाटली आणि सार्डिनचे डबे मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. हातातल्या बॅगेत डबे असतील तर तेलामुळे तपासणीत काढून घेऊ शकतात. टाइल घेतलीत तर ती मात्र हातातच ठेवा.